हायस्कूलला जीवशास्त्र शिकवायला नव्यानं लागलाय? वर्गात आणि घरून करून घ्यायचे प्रयोग, पायरीपायरीनं

मी बारा वर्षं झाली विज्ञान शिकवते, पहिली काही वर्षं मेढ्याच्या बाजूला जावळी तालुक्यात आणि आता तासगाव तालुक्यात. दरवर्षी जूनमध्ये नवीन लागलेल्या कुणातरी सरांचा नाहीतर मॅडमचा फोन येतो, की ताई दहावीचा भाग २ हातात दिलाय, लॅबमध्ये एक मायक्रोस्कोप आहे आणि वर्गात साठ पोरं, प्रयोग कसे घेऊ? प्रत्येकाला तेच तेच सांगते म्हणून एकदा सगळं लिहूनच काढलं. नववी-दहावीला धरून लिहिलंय, अकरावी-बारावीचं जिथं वेगळं आहे तिथं सांगितलंय.

एक गोष्ट सगळ्यात आधी, कारण खालचं सगळं तिच्यावरच उभं आहे. पोरांना प्रयोग दाखवायच्या आधी "काय होईल" ते वहीत लिहायला लावा, पेननं, खोडायचं नाही. ज्या पोरानं अंदाज लिहिलाय ते पोरगं प्रयोगाकडं डोळे फाडून बघतं, नाहीतर तुम्ही ओरडत राहता आणि मागचा बाक खिडकीतनं बाहेर बघत राहतो.

१. जूनमध्येच पुस्तक आणि शेताचं कॅलेंडर शेजारी शेजारी ठेवा

धडे पुस्तकाच्या क्रमानं येतात, पण झाडं-पिकं त्या क्रमानं येत नाहीत ना. म्हणून आधी ठरवायचं कुठलं साहित्य कधी फुकट मिळतंय. सोयाबीन पेरून दीड-दोन महिने झाले की मुळांवर गाठी बघायला मिळतात, म्हणजे ऑगस्ट. साताऱ्याजवळच्या कास पठारावरची फुलं सप्टेंबर-ऑक्टोबर. तासगाव-पलूसकडं ऑक्टोबर छाटणी झाली की पुढं द्राक्षाला जीए द्यायला सुरुवात होते, तेव्हा वनस्पती संप्रेरकं शिकवायची. स्ट्रॉबेरी महाबळेश्वर-पाचगणीकडनं डिसेंबरपासून. बेदाण्याची शेडं फेब्रुवारी-मार्चला भरतात, पण बेदाणा काय वर्षभर मिळतो.

जीएचं जरा जास्त सांगते. जीए म्हणजे पुस्तकातलं जिबरेलिन, जिबरेलिक ॲसिड. तासगावच्या पोरांना हे पाठ करायला लावायची गरजच नाही, त्यांच्या घरात त्याच्या पुड्या येतात, घड द्रावणात बुडवून काढायला ती स्वतः गेलेली असतात. फक्त विचारायचं, "डिप दिल्यावर मणी कसा होतो रं?" तो सांगतो लांब होतो, फुगतो. मग म्हणायचं, हेच तुझ्या पुस्तकात लिहिलंय. मी पहिल्या वर्षी आधी व्याख्या लिहून दिली होती फळ्यावर, आणि पोरांना ते आणि त्यांच्या बागेतलं एकच आहे हे परीक्षा झाली तरी कळलं नव्हतं.

इथला फसगतीचा मुद्दा: सगळे प्रयोग जानेवारीवर ढकलू नका. जानेवारीत सराव परीक्षा, स्नेहसंमेलन, आणि मग प्रयोगवही नुसती बघून लिहून पूर्ण होते. दहावीला विज्ञानाचे लेखी ४० आणि ४० असतात आणि प्रात्यक्षिकाचे २०, ते २० गुण सहज मिळतात म्हणून कुणी मनावर घेत नाही, पण तेवढ्याच कामातनं पोरगं जीवशास्त्र खरं शिकतं.

२. सामान गोळा करा, बरंचसं घरातलंच आहे

माझ्याकडं एक जुनी पत्र्याची पेटी आहे, तिच्यात हे कायम असतं:

- झिपवाल्या प्लास्टिक पिशव्या, चहाची गाळणी, सुती फडकं, पारदर्शक ग्लास
- भांडी घासायचं लिक्विड, मीठ, साखर, खायचा सोडा
- आयोडीन, सर्जिकल स्पिरिट, बिनरंगाची नेलपॉलिश, पारदर्शक चिकटपट्टी
- स्लाइड, कव्हरस्लिप, ड्रॉपर, ब्लेड (ब्लेड फक्त माझ्या हातात)
- सुतळी आणि चार खुंट्या, मोजपट्टी, भिंग
- प्रथमोपचाराचं साहित्य

कागदपत्रंही लागतात आणि ती आधीच करून ठेवा: मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, बाहेर नेणार असाल तर पालकांची सहीची संमतीपत्रं, मुलांची यादी, त्यात कुणाला दमा, ॲलर्जी, फिट असेल तर त्याची नोंद. सहलीला एसटी करणार असाल तर आगारात शाळेचं पत्र घेऊन जा, शालेय सहलीला सवलत मिळते.

एका मायक्रोस्कोपवर साठ पोरं लाइनीत उभी करू नका, तास संपतो आणि निम्म्यांना काही दिसत नाही. मोबाईलचा कॅमेरा आयपीसवर धरा, फोन शाळेच्या टीव्हीला नाहीतर प्रोजेक्टरला जोडा, सगळ्या वर्गाला कांद्याची पेशी एकदम दिसते. हात हलतो म्हणून पुठ्ठ्याची नळी करून फोनला चिकटवली की काम झालं. नंतर मधल्या सुट्टीत ज्याला हवंय त्यानं डोळा लावून बघावं, आणि बघतात पोरं.

३. वर्गात करायच्या आधी घरी एकदा करून बघा, अगदी सोपा असला तरी

कांद्याच्या मुळाच्या टोकावर सूत्री विभाजन, म्हणजे एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होणं, दाखवायचं होतं. पुस्तकात वाचलं, थेट वर्गात केलं, आणि स्लाइडवर एकही विभाजन होत असलेली पेशी दिसेना. नंतर कळलं दोन चुका होत्या. मुळं दुपारी कापली होती, आणि टोक सोडून वरचा भाग घेतला होता. मूळ वाढतं ते टोकाशी, म्हणून शेवटचे २-३ मिलिमीटरच घ्यायचे, आणि सकाळी आठ-नऊच्या सुमाराला कापायची. कांद्याची जुनी वाळलेली मुळं खरवडून तो ग्लासच्या तोंडावर असा बसवायचा की बूड पाण्याला नुसतं टेकेल, तीन-चार दिवसांत दोन सेंटिमीटरची पांढरी मुळं येतात. हलक्या हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये थोडं गरम करून मऊ करायची, ॲसिटोकार्मिनचा रंग द्यायचा, आणि कव्हरस्लिपवर अंगठ्यानं सरळ दाबायचं, घासायचं नाही. ॲसिडचं काम तुम्हीच करा, अकरावीच्या पोरांना द्यायचं तर समोर उभं राहून.

पर्णरंध्रांसाठी, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्रांसाठी, मात्र एवढी झंझट नाही. पानाच्या खालच्या बाजूला नेलपॉलिश लावा, दहा मिनिटं वाळू द्या, चिकटपट्टीनं ते पापुद्र्यासारखं उचला आणि स्लाइडवर चिकटवा. पानाच्या वरच्या बाजूचाही असाच ठसा घेऊन दोन्हीतली रंध्रं मोजायला लावा. बारावीला परागकण दाखवायचे तर सदाफुलीचे घ्या, प्रत्येक अंगणात असते. १० टक्के साखरेच्या पाण्यात कणभर बोरिक ॲसिड घालून ठेवले की अर्ध्या-पाऊण तासात परागनलिका फुटलेली दिसते, म्हणजे तासाच्या सुरुवातीला लावा आणि शेवटी बघा.

४. परासरण: बेदाणा, आणि मग बटाटा

परासरण म्हणजे पेशीच्या पडदीतनं पाणी पातळ द्रावणाकडनं घट्ट द्रावणाकडं जाणं. हा माझा सगळ्यात आवडता तास आहे म्हणून सविस्तर लिहिते.

दहा बेदाणे मोजून, वजन करून एका ग्लासात साध्या पाण्यात, दहा साखरेच्या घट्ट पाकात. अंदाज लिहून घ्या. चार-पाच तासांनी, म्हणजे सकाळी लावले तर शेवटच्या तासाला, काढून पुसून परत वजन करा. पाण्यातले टम्म फुगतात, पाकातले तसे फुगत नाहीत. इथपर्यंत सगळे करतात.

पण एका वर्षी दहावीतल्या एका पोरानं, घरचं बेदाण्याचं शेड आहे त्याचं, तो फुगलेला बेदाणा बोटात धरून विचारलं, "मॅडम, वाळवताना पाणी गेलं, आता परत आलं, मग हे परत द्राक्ष का नाही झालं?" मी म्हटलं तूच सांग, शेडवर टाकायच्या आधी द्राक्षाला काय करता? तर म्हणाला, डिपिंग ऑईल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतो, त्यानं लवकर वाळतंय. का लवकर वाळतं हे त्याला माहीत नव्हतं. सालीवर मेणाचा थर असतो तो पाणी आत अडवून धरतो, बुडवल्यावर त्या थरातनं पाणी बाहेर पडायला वाट होते. आणि वाळताना पेशी मरतात, त्यांची पडदी कामातनं जाते, नुसतं पाणी परत भरून पेशी जिवंत होत नाही. मग मी त्याला ग्लासातलं पाणी चाखायला लावलं (घरचा स्वच्छ ग्लास आणि प्यायचं पाणी होतं म्हणून, लॅबच्या भांड्यातलं कधीच चाखू द्यायचं नाही). पाणी गोड लागलं. म्हणजे साखर बाहेर आलीय. पडदी शाबूत असती तर एवढी साखर बाहेर आली नसती.

म्हणून बेदाण्यावर थांबू नका, लगेच बटाटा घ्या. दोन बटाट्यांना खालून सपाट कापून वर वाटीसारखा खळगा करा, एक बटाटा कच्चा, दुसरा उकडलेला. दोन्हीच्या खळग्यात चमचाभर साखर, आणि दोन्ही बशीत थोड्या पाण्यात उभे. उकडलेल्याचं काय होईल यावर वर्गात जोरात भांडण होतं, होऊ द्या. काही तासांनी कच्च्याचा खळगा पाण्यानं भरतो, उकडलेल्याचा तसा भरत नाही. उकडल्यावर पडदी मेली. निवडक्षम पारपटल, म्हणजे काही आत-बाहेर जाऊ देणारी आणि काही अडवणारी पडदी, हा शब्द इथं आल्यावर पोरं तो विसरत नाहीत.

सेमीचा वर्ग असेल तर दोन्ही शब्द लिहा, ऑस्मोसिस आणि परासरण, मायटोकाँड्रिया आणि तंतुकणिका. पोरं अकरावीला गेली की एकदम इंग्रजी शब्द येतात आणि हुशार पोरंही गप्प बसतात.

५. स्ट्रॉबेरीतला डीएनए

स्ट्रॉबेरीच का, तर आपण खातो त्या स्ट्रॉबेरीच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, एकूण ५६, आपल्यात दोन संच आणि ४६. त्यामुळं डीएनए भरपूर निघतो, शिवाय फळ मऊ असतं. सातारकरांना डिसेंबर ते मार्च काही अडचण नाही, सांगलीकडं नाही मिळाली तर पिकलेलं केळं घ्या.

दोन-तीन पिकलेल्या स्ट्रॉबेरी पिशवीत घालून हवा काढून बंद करा आणि हातानं नीट चुरा. अर्धा कप पाण्यात दोन चमचे भांड्याचं लिक्विड आणि अर्धा चमचा मीठ, फेस न करता हलवून घ्या, ते पिशवीत ओता आणि परत हळू चोळा. फडक्यातनं गाळून निम्मा ग्लास भरा. आता बर्फात ठेवलेलं गारेगार स्पिरिट ग्लासच्या कडेनं, अगदी तेल सोडल्यासारखं, सोडा. ढवळायचं नाही. पाच-दहा मिनिटांत लाल पाणी आणि स्पिरिट यांच्या मधोमध पांढरं धाग्याधाग्याचं काहीतरी वर येतं, ते काडीवर गुंडाळता येतं. मेढ्याला एक मुलगी काडी वर उचलून म्हणाली, "बाई, हे तर शेंबडासारखं दिसतंय!" आणि सगळा वर्ग बाकांवर चढला बघायला.

का होतं ते पोरांकडनंच काढा: लिक्विडनं भांड्याचा तेलकटपणा जातो, पेशीची पडदीही मेदाची, ती फुटते. मिठानं डीएनएचे धागे एकमेकांना चिकटायला मदत होते. डीएनए पाण्यात विरघळतो पण स्पिरिटमध्ये नाही, म्हणून बाहेर येतो.

इथं तीन ठिकाणी गडबड होते. स्पिरिट गार नसलं तर धागे नीट येत नाहीत. जेलवालं सॅनिटायझर चालत नाही. आणि पोरं समजतात की हा दिसतोय तो एक डीएनए, तर स्पष्ट सांगा की हा लाखो रेणूंचा गुंता आहे, सोबत थोडी प्रथिनंही आहेत. स्पिरिट पेट घेतं, त्या तासाला बर्नर पेटवू नका. पानातल्या स्टार्चचा प्रयोग करतानाही स्पिरिट थेट जाळावर कधीच नाही, गरम पाण्याच्या भांड्यात परीक्षानळी ठेवूनच.

६. आनुवंशिकता: जीभ वळवणं सोडा, नाणी उडवा

जीभ नळीसारखी वळते का, कानाची पाळी चिकटलेली आहे का, याचं सर्वेक्षण अजून बऱ्याच शाळांत घेतात. मीही घेतलं होतं. अडचण अशी की हे एका जनुकानं ठरत नाही. एकसारख्या जुळ्यांतही एकाची जीभ वळते आणि दुसऱ्याची नाही असं १९५२ मध्येच दाखवलेलं आहे. आणि पोरगं घरी जाऊन आईवडिलांशी ताळा करतं, जमत नाही, मग नको ते प्रश्न. कुणी दत्तक असतं, कुणाचे वडील नसतात. त्यापेक्षा दोन-दोन नाणी द्या. छापा म्हणजे उंच, काटा म्हणजे बुटका, दोन्हीतला एक जरी छापा पडला तरी झाड उंच धरायचं, दोघे मिळून दोन नाणी उडवतात, एक जोडी वीस वेळा. एका जोडीचं गुणोत्तर काहीही येतं, सगळ्या वर्गाचं फळ्यावर एकत्र केलं की ३:१ च्या जवळ सरकतं. तेव्हा मेंडेलचे आकडे सांगा: वाटाण्याचे ५४७४ गोल दाणे आणि १८५० सुरकुतलेले, २.९६ ला १. एवढे दाणे त्यानं का मोजले हे पोरांना आता विचारायची गरज पडत नाही.

रक्तगट तपासणीसाठी वर्गात सुई टोचू नका. एकच सुई दोघांना वापरली जाण्याची भीती आहे, आणि सरकारी दवाखान्यातनं कुणी आल्याशिवाय ते आपलं काम नाही.

७. वर्गाबाहेर

मैदानावर १ मीटर बाय १ मीटरचा चौकोन सुतळीनं आखा आणि आतल्या वनस्पतींचे प्रकार मोजा, एक चौकोन झाडाखाली, एक उन्हात, एक नळाजवळ. नावं येत नसली तरी अ, ब, क म्हणून मोजता येतं. सावध राहायचं ते गाजर गवताला, म्हणजे काँग्रेसला, त्यानं अंगाला खाज आणि दम्याच्या पोरांना त्रास होतो. हात लावू द्यायचा नाही.

सोयाबीनचं रोप उपटायचं नाही, खुरप्यानं मातीसकट काढायचं आणि बादलीत धुवायचं, नाहीतर गाठी मातीतच राहतात. गाठ नखानं फोडली की आत गुलाबी दिसलं तर ती कामाला लागलेली आहे, तो रंग लेगहिमोग्लोबिनचा. पांढरी-हिरवट असेल तर ती हवेतला नत्र झाडासाठी बांधत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊबंद झाडाच्या मुळात आहे हे ऐकून पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

कासला नेणार असाल तर आठवड्यातल्या कामाच्या दिवशी न्या, सीझनला प्रवेश शुल्क आणि बुकिंग असतं ते आधी बघा. २०१२ पासून ते जागतिक वारशात आहे, आणि सुमारे ८५० सपुष्प वनस्पती तिथं नोंदल्यात. पण पोरांना नुसतं "फुलं बघा" म्हणू नका, दोनच कामं द्या: दवबिंदू आणि सीतेची आसवं शोधा. दोन्ही कीटकभक्षी, एकीच्या पानावर चिकट थेंब, दुसरीच्या पाण्यातल्या बारीक पिशव्या. मग विचारा, हिरवी पानं असून यांना किडे खायची गरज का पडते? उत्तर त्यांच्या पायाखाली आहे, जांभ्या खडकावर माती वीतभरसुद्धा नाही आणि नत्र कमी. फूल तोडायचं नाही, वाट सोडून फुलांत पाय टाकायचा नाही, हे बसमध्येच सांगा.

८. शाळा बंद असते तेव्हा, घरून

कोरोना गेला म्हणून हे सोडू नका. ऑगस्ट २०१९ ला कृष्णेचा पूर आला तेव्हा आमच्याकडं किती दिवस शाळा भरली नाही, आणि पावसाळ्यात पाटण-जावळीकडं सुट्ट्या पडतातच.

पहिली पायरी, कागदावर यादी: कुणाकडं फोन आहे, कुणाचा, आणि किती वाजता घरात असतो. बहुतेक घरांत एकच फोन आणि तो वडिलांबरोबर रानात. म्हणून मी लाइव्ह तास आठवड्यातनं एकदाच घेते, संध्याकाळी साडेसातला, अर्धा तास. बाकी सगळं व्हॉट्सॲपवर: प्रश्नाचा एक फोटो आणि माझा दोन मिनिटांचा आवाज. मोठे व्हिडिओ टाकू नका, रेंज नसते आणि नेटपॅक संपला की घरात बोलणी बसतात. फोनच नाही अशा पोरांना गल्लीतल्या फोनवाल्याशी जोडून द्या, तीन-चार जणांचा गट. पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा ॲपवर चालतात, ज्यांच्याकडं नेट चांगलं आहे त्यांच्यासाठी ओलॅब्स या वेबसाइटवर प्रयोग आहेत आणि फेट (PhET) या वेबसाइटवर नैसर्गिक निवडीचं सशाचं सिम्युलेशन आहे. पण स्क्रीनवरच्या प्रयोगापेक्षा घरातला केव्हाही बरा.

घरून जमणारी कामं, आठवड्याला एकच:

- दह्याच्या तीन वाट्या: एक कोमट दुधाची ओट्यावर, एक तशीच फ्रिजमध्ये नाहीतर गार पाण्यात, एक उकळत्या दुधात विरजण घातलेली. सकाळी तिन्हीचे फोटो.
- नाडीचे ठोके बसून एक मिनिट, मग दोन मिनिटं जागेवर पळून, मग दर मिनिटाला पूर्ववत होईपर्यंत. घरात तीन जणांचे. आलेख वहीत. (हृदयाचा आजार असलेल्यांना पळायला लावू नये, हे ठळक लिहा.)
- मटकी तीन वाट्यांत: कोरडी, ओली, पूर्ण बुडवलेली. चार दिवस रोज मोजायचं.
- ऊसाची एक डोळ्याची कांडी आणि हळदीचा गड्डा मातीत, कोंब कुठनं फुटतो त्याचं चित्र.

गूगलवरचे फोटो येतात, नक्की येतात. म्हणून फोटोत वाटीशेजारी आजची तारीख आणि स्वतःचं नाव लिहिलेली चिठ्ठी हवी. चेहरा मात्र फोटोत नको, मुलींचे तर अजिबात नको, गटात कोण कोण आहे आपल्याला कळत नाही.

चुकलेला प्रयोग पाठवला तरी पूर्ण गुण द्या, फक्त "असं का झालं असेल" त्याच्या दोन ओळी हव्यात. हे जाहीर केल्यावर कॉपीचे फोटो निम्म्यावर आले माझ्याकडं.

९. प्रजननाचा धडा घरी वाचायला देऊ नका

दहावीला जीवनप्रक्रिया भाग २ मध्ये मानवी प्रजनन आहे. "हे घरी वाचा" म्हणून पुढं जाणारे बरेच आहेत, आणि ऑनलाइनला तर हा धडा हमखास गळतो, कारण फोन वडिलांच्या हातात आणि मुलगी त्यावर विचारणार काय. हा धडा शाळा भरते तेव्हासाठी राखून ठेवा. आठ दिवस आधी वर्गात बुटाचा खोका ठेवा, वर फट पाडून, आणि प्रत्येकानं चिठ्ठी टाकायची, प्रश्न नसला तर कोरी टाकायची, म्हणजे कोण लिहितंय ते कळत नाही. माझ्या खोक्यात पाळीत लोणच्याला हात लावला तर खरंच खराब होतं का, इथपासून प्रश्न आले. खराब होत नाही, हे पुस्तकातल्या संप्रेरकांच्या आकृतीवर बोट ठेवून, पाळीच्या रक्तात काय असतं ते सांगून, मुलगे-मुली एकत्र बसलेल्या वर्गात सांगा, आवाज खाली न आणता. प्रश्न वाचून झाले की चिठ्ठ्या त्यांच्यासमोरच फाडा, अक्षर कुणी ओळखू नये म्हणून.